बिनधुराच्या चुलीचा धूर

धनीबाईची तक्रार बुटाबद्दल नव्हती. पांढरीपांडे साहेब पायातले बूट न काढता थेट तिच्या चुलीपर्यंत आले, ते तिनं एक वेळ सोडून दिलं. शहरातल्या माणसाचे पाय नाजूक, त्याला सारवलेल्या भुईची ओळख कुठून असणार? तक्रार होती ती मानेबद्दल. हा माणूस घरात शिरला, चुलीपुढं उकिडवा बसला, उठला, पुन्हा बसला, टेप काढून चूल मापली, पण मान म्हणून वर केली नाही. समोर कोण उभं आहे? फुलसिंग नाईकाची, बंजारा तांड्याच्या मुख्याची, धनीबाई. नाईक गेला, पण नाईकीण काही गेली नव्हती. तांड्यातली नवी नवरी आधी तिच्या पायावर डोकं ठेवी, मगच नवऱ्याच्या घरात पाऊल टाकी. आणि हा शिकलेला बाप्या तिच्याच घरात तिला सोडून तिच्या चुलीपुढं वाकून राहिला होता.

"काय हरवलं हो साहेब?" तिनं शेवटी विचारलं. "सुई पडली काय?"

साहेब चुलीकडंच पाहत म्हणाले, "बाई, तुमच्या घरात फार धूर आहे."

"मंग? चूल हाये ते. पानी निघीन काय तिच्यातून?"

साहेबांनी हे वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे.

हे साहेब आले कसे, तर त्या साली सरकारच्या मनात एक गोष्ट आली. विद्यापीठात एवढे शिकलेले लोक बसून आहेत, त्यांच्या पोटात एवढं ज्ञान आहे, ते नुसतं पोरांना सांगून संपवण्यापेक्षा थोडं धंदेवाल्यांना, थोडं खेड्यापाड्यांत वाटावं. वाटायचं म्हटलं की खर्च आला. म्हणून सरकारनं विद्यापीठाला पैसे दिले. पण सरकारी पैसा उन्हाळ्यातल्या दुधासारखा असतो, मार्च संपायच्या आत पिऊन टाकावा लागतो. साहेब आधी ज्ञान घेऊन कापसाच्या जिनवाल्यांकडं गेले. जिनवाल्यांनी चहा पाजला, खुर्ची दिली, आणि आम्हाला ज्ञान पुरेसं आहे असं सांगून वाटेला लावलं. तेव्हा फेब्रुवारी सरला होता. उरलेलं ज्ञान कुठं तरी उतरवणं भाग होतं. ते महागावच्या बाजाराच्या दिवशी हरिसिंगच्या डोक्यावर उतरलं.

हरिसिंग हा धनीबाईचा थोरला. ग्रामपंचायतीचा मेंबर. त्याला एकच रोग होता, साहेब दिसला की त्याची मान आपोआप 'हो' म्हणायची. बाजारातून येताना त्यानं मीठ आणायचं विसरून योजना आणली. विद्यापीठाची बिनधुराची चूल. मातीची, दोन तोंडांची, मागून सिमिटाचा नळ काढून धूर छपराबाहेर. साऱ्या तांड्याला फुकट. पहिली चूल नाईकाच्या घरी.

धनीबाईनं नाही म्हटलं नाही, याला कारणं होती. एक म्हणजे तिची सून जमनी. जमनी धाकट्या बाळंतपणापासून खोकत होती. चुलीत फुंकर घाली आणि खोकत खोकत दारापर्यंत येई. दुसरं कारण धनीबाई बोलून दाखवत नसे. तिची सासू याच चुलीपुढं डोळे घालवून बसली होती. दोन्ही डोळ्यांत फुलं पडली, आणि शेवटी शेवटी म्हातारी तव्यावरची बाटी, म्हणजे ज्वारीची भाकरी, हातानं चाचपून उलटवायची, बोटं भाजून घ्यायची आणि म्हणायची, "दिसत नाई त काय झालं, वास येते ना." तिसरं कारण मात्र धनीबाईनं साऱ्या तांड्याला सांगितलं. पहिली चूल नाईकाच्या घरी नाही बसणार, तर काय रुक्माबाईच्या घरी?

आता साहेबांनी मान वर केली असती तर त्यांना काय दिसलं असतं, तेही सांगायला हवं. चुलीच्या बरोबर वर, आढ्याला, ज्वारीच्या कणसांच्या जुड्या टांगलेल्या होत्या. धुरानं काळ्याभोर. कोणी नवा माणूस पाहील तर म्हणेल, वटवाघळं लटकली. ते पुढल्या सालचं बी होतं. सुगीत रानातलं एकेक भरदार कणीस निवडायचं, वेणीसारखी जुडी गुंफायची आणि चुलीवर टांगायची. मृग लागेपर्यंत हात लावायचा नाही. खायची ज्वारी पेवात जायची, पण पेवातली ज्वारी खाता येते, पेरता येत नाही, ती उगवत नाही. उगवतं ते चुलीवरचंच. प्रत्येक घरी अशा जुड्या होत्या. धनीबाईच्या घरी सगळ्यांत जास्त, कारण कुणाचं बी कमी पडलं तर नाईकाच्या घरून न्यायचं, ही रीत. धनीबाईला साऱ्या आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता, आणि तो ती रोज काढून दाखवायची. "माह्या तांड्यातलं मानूस बियासाठी दुसऱ्याच्या दारात उभं नाई ऱ्हायलं."

कणसं चुलीवरच का टांगायची, हे तिला सासूनं सांगितलं नव्हतं, सासूला तिच्या सासूनं सांगितलं नव्हतं. टांगायची म्हणजे टांगायची.

चूल बसणार म्हटल्यावर साऱ्या तांड्याला शहाणपण सुचलं. रुक्माबाई म्हणाली, नळ उगवतीला काढू नका, लक्ष्मी धुरासंगं निघून जाईल. म्हातारा शंकरसिंग म्हणाला, मावळतीला काढू नका, मावळतीला धूर फक्त मसणाचा जातो. दक्षिणेला तर कोणी बोटही दाखवीना. राहिली उत्तर, तर तिकडं गोठा. साहेबांनी विज्ञानाच्या आधारे सांगितलं, की वारा पाहून नळ ठरवतात. धनीबाई म्हणाली, "वारा तर चारी दिशेनं येते, त्याले कोन्या दिशेचं विज्ञान हाये?" शेवटी नळ सरळ वर काढायचं ठरलं. वर देव आहे, तो धुराचं पाहून घेईल.

साहेबांच्या माणसांनी जुनी चूल फोडली. आणि मग कळलं की नळ आलेले नाहीत. नळ यवतमाळला पडून होते, कारण ते उचलायला ज्या कागदावर सही लागे तो कागद विद्यापीठात होता, आणि विद्यापीठाला होळीची सुट्टी होती. म्हणजे पाहा. होळी आली, तांड्याचा साऱ्या वर्षाचा सण, घरोघरी गोडाधोडाचा वास, लेंगी गात पोरं फिरताहेत, आणि नाईकाच्या घरी चूल नाही! धनीबाईनं अंगणात तीन दगड मांडून सणाचा स्वयंपाक केला. जाणारा येणारा थांबून, तांड्याच्या आईला विचारावं तसं, विचारी, "याडी, कुठं गावाले निघाले काय?" पूर्वी बैलांवर माल लादून गावोगाव हिंडताना बाया असं तीन दगडांवर रांधायच्या. तांडा एका जागी बसून पिढ्या झाल्या आणि विद्यापीठानं तिला पुन्हा वाटेवर आणून बसवलं, असं तिनं साऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तव्याला सांगितलं.

त्याच दगडांपाशी कांताबाई आली. कांताबाई नाल्याच्या पलीकडची. छप्पन सालानंतर तिकडची घरं बौद्ध झाली, मग एकेक करून मिलच्या कामाला निघून गेली. हिचंच एक घर उरलं, दोन एकराच्या लोभानं. नवरा उकंडा जंगलात लाकूडतोडीवर जाई, तो पंधरा पंधरा दिवस यायचा नाही. कांताबाईला हसायची वाईट सवय होती. रडायच्या जागी पण हसायची.

"धनीमाय, माह्या घरी बी एक लावाले सांगा ना साहेबाले. माह्ये बी डोये लय चुरचुरतात."

"योजना तांड्याची हाये," धनीबाई दगड सारखे करत म्हणाली. "कागदावर तांडा लिवला. नाला लिवला नाई."

"धुराले कागद वाचता येते काय, माय?" कांताबाई म्हणाली, आणि हसत हसत नाल्याकडं उतरून गेली.

बाई फाजील बोलते, असं धनीबाईनं जमनीला सांगितलं. जमनीला खोकला आला म्हणून तिला हो म्हणता आलं नाही.

नळ आले. चूल उभी राहिली. तिच्या तोंडांवर धनीबाईचा तवा मावेना. साहेब म्हणाले, तवा बदला. धनीबाई म्हणाली, या तव्यानं तीन पिढ्या जेवल्या, चूल बदला. हरिसिंगची मान दोघांनाही हो म्हणत होती. शेवटी जमनीनं कोणाला न सांगता विळ्यानं चुलीचं तोंड खरवडून मोठं केलं, आणि साहेबांनी ते पाहून 'स्थानिक सहभाग' म्हणून वहीत लिहिलं.

उद्घाटनाला जिल्ह्याहून मोठे पाहुणे आले, फोटोवाला आला. मोठ्या पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की विद्यापीठाच्या भिंती आज पडल्या, ज्ञानाची गंगा तांड्यात आली. धनीबाईला भिंती पडल्याचं वाईट वाटलं, आता विद्यापीठाचे लोक कुठं बसणार? मग चूल पेटवली. सारे लोक दाटीनं आत. आणि त्या बिनधुराच्या चुलीतून असा धूर निघाला, असा धूर, की धनीबाईच्या जुन्या चुलीनं आयुष्यात कधी काढला नव्हता. पाहुणे भिंती धरून खोकू लागले. साहेब मान खाली घालून चुलीत पाहू लागले, धूर त्यांच्या नाकात. मग हरिसिंगच्या तोंडून हळूच निघालं, की चिमण्यांनी घरटं करू नये म्हणून त्यानं नळाच्या तोंडात आपला जुना पटका कोंबला होता, आणि तो काढायचा राहिला.

पटका काढला. धूर गेला. पण फोटो आधीच निघाला होता. पुढं पेपरात छापून आलं, की योजनेचं यश पाहून पाहुण्यांचे डोळे पाणावले. धनीबाईला ते हरिसिंगनं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खोटं नाई लिवलं."

एप्रिल लागला तेव्हा तांड्यात धुराडं नाही असं एकही घर उरलं नव्हतं. मार्च संपायच्या आतच सारं झालं पाहिजे म्हणून साहेबांची माणसं दिवसाला दोन दोन चुली बसवत पळत होती. आणि खरं बोलायचं तर, चूल चांगली होती. लाकूड कमी लागे. भिंती काळ्या होईनात. जमनीचा खोकला आधी कमी झाला, मग रात्रीचा गेला, मग एक दिवस धनीबाईच्या ध्यानात आलं की सून दारापर्यंत न येता पूर्ण बाटी भाजून उठली. सुनेचं कौतुक तोंडावर करायचं नसतं, ती डोक्यावर बसते. पण त्या दिवशी तिनं जमनीच्या ताटात तूप जास्त वाढलं.

मग मृग आला.

धनीबाई सकाळी न्हाली, नवा फेट्या, म्हणजे घागरा, नेसली, आणि आढ्याकडं हात केला. तांड्याचे लोक दारात, रीतीप्रमाणं. पहिली जुडी हातात आली ती हलकी लागली. वाळलेल्या काटक्यांची मोळी लागावी तशी. तिनं कणीस तळहातावर चुरलं. दाणे आले नाहीत. पीठ आलं. पिठातून काळे सोंडे चालत निघाले, तिच्या मनगटावर चढले, घाईत नव्हते, घरचे असल्यासारखे.

दुसरी जुडी. तिसरी. साऱ्या जुड्या.

दारातले लोक एकेक करून घरी गेले. त्या दिवशी तांड्यात कुणी कुणाच्या घरी गेलं नाही, कारण प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्याच घरी झालं, आणि ते दाखवायला कोण जाणार? संध्याकाळी कळलं की साऱ्यांच्या घरी झालं. आढ्याला सारी कणसं तशीच लटकत होती, दिसायला चांगली, आत पोकळ.

शंकरसिंग म्हणाला, होळीला नाईकाच्या घरी चूल पेटली नाही, देवी कोपली. रुक्माबाई म्हणाली, ती तर आधीच म्हणत होती, लक्ष्मी नळातून गेली. हरिसिंग पंचायत समितीत गेला. तिथं नवं हायब्रीड बी आलं होतं, पण ते 'प्रगतिशील शेतकऱ्यां'ना वाटून झालं होतं. आम्ही प्रगतिशील कसे नाही, असं त्यानं विचारलं, आमच्या घरी तर बिनधुराची चूल आहे. तिथले साहेब म्हणाले, चुलीचं खातं वेगळं, बियाण्याचं वेगळं. कुणीतरी पेवातली ज्वारी पेरून पाहिली. उगवली नाही. आभाळ भरून येई, निघून जाई, परत भरून येई. रान नांगरून तयार, आणि तांड्यातले बाप्ये बैलांच्या शिंगांकडं पाहत बसलेले.

तेव्हा धनीबाई नाला उतरली.

एकटी गेली. सोबत कोणाला घेतलं नाही. तिच्या सासूचं एक म्हणणं होतं, की बियाला आणि विस्तवाला विटाळ नसतो, ते कुणाच्याही दारातून आणावं. साऱ्या आयुष्यात ते म्हणणं वापरायची वेळ तिच्यावर आली नव्हती. कांताबाईच्या दारात ती उभी राहिली, तर आत काही दिसेना, इतका धूर. धुरातून आवाज आला, "कोन?"

"मी."

कांताबाई डोळे पुसत बाहेर आली. धनीबाईला दारात पाहून तिला हसू आलं, पण तिनं या वेळी आवरलं. तेच धनीबाईला जास्त लागलं.

"बी हाये काय तुह्या घरी?"

"हाये ना. या आत."

धनीबाई आत गेली आणि तिनं मान वर केली. आढ्याला कणसं. काजळीनं काळी, जड, घट्ट. तिनं एक हातात घेऊन चोळलं. वरची काजळी गेली आणि आतून पांढरेशुभ्र दाणे तळहातावर पडले. एकाही दाण्याला छिद्र नव्हतं. ती त्या दाण्यांकडं पाहत राहिली. मग चुलीकडं पाहिलं. मग वर. मग परत चुलीकडं. धूर खालून उठून कणसांपर्यंत जात होता आणि तिथं बसून राहत होता. चार पिढ्या जी गोष्ट कोणी सांगितली नव्हती ती तिला डोळ्यांतून पाणी गळत असताना दिसली.

"काय झालं, माय?"

"काई नाई. धूर लागला."

कांताबाईनं आपल्यापुरतं बी ठेवून बाकी सारं दिलं. देताना म्हणाली, "सुगीले परत करजा. आन् तो साहेब आला त माह्यं नाव सांगजा बरं."

तेवढं बी तांड्याला काय पुरणार! त्या साली थोडंच रान पेरलं आणि बाकीचं तसंच उघडं राहिलं, मुंडण केल्यासारखं.

सुगी आली. थोडी आली, पण आली. आता नवं बी टांगायचं कुठं? धुराचं गुपित धनीबाईनं तांड्याला सांगितलं होतं, आणि सांगितल्याबरोबर ते प्रत्येकाला आधीपासूनच माहीत होतं. हरिसिंगनं युक्ती काढली: गोठ्यात कणसं टांगायची आणि खाली गोवऱ्यांची धुनी धरायची. दोन दिवस धूर बरा झाला. तिसऱ्या दिवशी छपराला आग लागली. आग विझली, पण म्हैस दावं तोडून जी गेली ती महागावला कोंडवाड्यात सापडली, आणि ती सोडवायला गेलेल्या मेंबराला तिथल्या माणसानं विचारलं, की ही म्हैस तुमचीच कशावरून? हरिसिंग म्हणाला, हिच्या अंगाला धुराचा वास येतो. तो पुरावा धरला गेला नाही.

मग धनीबाईनं एक दिवस सुनेला सहज विचारलं, "जुनी चूल परत घातली तर?"

जमनी भाकरीचं पीठ मळत होती. हात थांबले. आजवर तिनं सासूला उलट उत्तर दिलं नव्हतं, खोकल्यामुळं सवडच नव्हती.

"याडी, तुमच्या सासूचे डोये गेले. माहा खोकला आता कुठं गेला. मी त्या धुरात परत बसनार नाई. मले मारा, नाईतर माहेरी धाडा."

धनीबाईनं परातीत बोट घालून पाहिलं. म्हणाली, "पीठ कोरडं हाये, पानी घाल." विषय संपला.

साऱ्या तांड्यात असंच झालं. एकाही बाईनं जुनी चूल घालू दिली नाही. आणि मग काय सुचायचं होतं ते सुचलं. साऱ्या घरांच्या जुड्या नाला उतरून कांताबाईच्या घरी गेल्या.

"टांगा की," कांताबाई हसून म्हणाली. "माह्या घरी धूर त हायेच. धुराले काय भाडं पडते?"

आढं पुरेना, बांबू टाकले, वर कणसंच कणसं. पण जास्त कणसांना जास्त धूर लागतो. रुक्माबाईनं तिला ओली लाकडं धाडली, आमच्याकडून भेट म्हणून. शंकरसिंगनं स्वतः डोक्यावर मोळी नेऊन दिली. ज्या म्हाताऱ्यानं साऱ्या आयुष्यात नाला ओलांडला नाही त्यानं. तांड्यातून जाता-येता कुणी ना कुणी पलीकडं पाही. तिच्या छपरातून धूर निघताना दिसला की जिवाला बरं वाटे. नाही दिसला तर हाक मारत, "कांताबाई, चूल पेटवली नाई काय वं अजून?"

आणि एकदा अंगणात बाप्यांची बैठक बसली. धनीबाई आत सुपारी कातरत होती, सारं ऐकू येत होतं. शंकरसिंग म्हणाला, "हरिसिंग, तो साहेब परत येनार म्हन्तात. कांताबाईचं नाव नको देऊ बापू. तिची चूल सुधारली त आपलं बी कुठं?"

हरिसिंगची मान हलल्याचा आवाज येत नाही, पण धनीबाईला तो आला. अडकित्ता थांबला. मग चालू झाला.

पुढल्या फेब्रुवारीत पांढरीपांडे साहेब आले. पुन्हा तीच वही, तोच टेप, तेच बूट. योजना यशस्वी झाली होती, यवतमाळला अहवाल वाखाणला गेला होता, धंदेवालेसुद्धा आता भेटीला वेळ देत होते. एका चुलीचं सामान शिल्लक होतं, ते मार्चच्या आत लागलं पाहिजे. धनीबाईच्या घरात चुलीपुढं उकिडवं बसून साहेबांनी विचारलं, "कोणाचं घर राहिलंय का?"

"कोनाचंच नाई साहेब," हरिसिंग म्हणाला. "शंभर टक्के झालं."

साहेब ते लिहू लागले.

धनीबाई उठली. "चाला, साहेब."

"कुठं?"

"नाल्याच्या पल्याड. बूट भिजतीन, पन तुमाले त्याचं काय."

"याडी," हरिसिंग मागून म्हणाला, "याडी, ऐकजो..."

ती थांबली नाही. नाला उतरताना तिचा पाय निसटला, साहेबांनी हात पुढं केला, तो तिनं घेतला नाही. मागं तांड्याची माणसं उंबऱ्यांत येऊन उभी राहिली. शंकरसिंग काठी टेकत नाल्यापर्यंत आला आणि थांबला.

कांताबाईच्या घरातून धूर दारातून बाहेर येत होता, जसा पाण्याचा लोंढा यावा. साहेब वाकून आत शिरले आणि सवयीप्रमाणं चुलीपुढं उकिडवे बसले. खिशातून टेप काढला. खोकले. म्हणाले, "बाई, तुमच्या घरात फार धूर आहे."

कांताबाई हसली. "हाये ना साहेब. गावाचा हाये." ती आवाजाच्या दिशेनं बोलत होती, साहेबांच्या चेहऱ्याकडं नाही, जरा बाजूला, चुलीच्या कडेकडं. धनीबाईनं तिची हनुवटी धरून उजेडाकडं वळवली. डाव्या डोळ्यात दुधाच्या थेंबाएवढं फूल पडलं होतं. उजव्यात पडू पाहत होतं. हे कधी पडलं, हे विचारायला, जुड्या टांगून गेल्यापासून, तांड्यातलं कोणी आत आलं नव्हतं. मोळ्या दारातच ठेवून जात होते.

साहेब टेप उलगडत होते.

"टेप ठेवा," धनीबाई म्हणाली. "मान वर करा."

साहेबांनी मान वर केली. साऱ्या तांड्याची कणसं, आढ्यापासून दारापर्यंत, काळी, जड, खच्चून. धुरात हलत होती. साहेबांचा हात तसाच राहिला.

"हे... हे कशाचं? कोणाचं आहे?"

"बी हाये. आमचं. तुमच्या चुलीवर किडलं, म्हनून हिच्या चुलीवर टांगलं. मागच्या साली बी हे माह्या घरी तुमच्या डोक्यावरच लटकून होतं."

"पण मला हे कोणीच सांगितलं नाही. तुम्ही सांगायला हवं होतं, बाई. यावर उपाय असतो, औषध असतं, कोठ्या असतात. आमच्याच विद्यापीठात दुसऱ्या खात्यात..."

"असीन. तुमच्या खात्याचं तुमी पाहा." धनीबाईनं कांताबाईची हनुवटी अजून सोडली नव्हती. बाहेर नाल्याच्या काठावर तिचा मुलगा, तिची भावकी, सारा तांडा उभा होता, म्हणून तिनं आवाज चढवला, नाल्यापलीकडं जाईल इतका.

"साहेब, तुमी खोटं नाई बोलले. माह्या सुनेचा खोकला गेला, तुमचं ग्यान खरं हाये. पन तुमी ग्यान वाटलं आन् आमी धूर वाटला. ग्यान सारं आमच्या घरी ऱ्हायलं, आन् साऱ्या तांड्याचा धूर हिच्या एकटीच्या डोयात गेला. हिची चूल आजच बसवा. बियाचं काय करायचं ते आमी पाहू, नाईतर उपाशी मरू. आन् एक सांगते, राग नका मानू. शिकले तुमी लय, पन वाटनी काई तुमाले येत नाई."